विद्यापीठ विभाग, खासगी संस्था की पुणे : एमबीए प्रवेशाबाबत अंबड तालुक्यातील एका पालकांना उत्तर

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातील एका शेतकरी पालकांनी विचारले आहे : मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला एमबीए करायचे आहे. तिला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ विभागात घालावे, शहरातल्या एखाद्या खासगी व्यवस्थापन संस्थेत घालावे, की कर्ज काढून पुण्याला पाठवावे? एका संस्थेचा माणूस घरी येऊन ‘सीईटीची (राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेची) काळजी करू नका, जागेची आणि नोकरीची हमी आमची’ असे सांगून गेला आहे, त्यावर विश्वास ठेवावा का? धाकटा मुलगा बारावीला आहे, त्याला बीबीएला घालावे का, हेही त्यांनी शेवटी विचारले आहे. मराठवाड्यात व्यवस्थापनशास्त्र शिकवण्याचे आणि त्यासोबत प्रवेश व नोकरीविषयक मार्गदर्शनाचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

माझे मत आधी सांगतो. आपल्या मुलीने सीईटी पूर्ण तयारीनिशी द्यावी आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, म्हणजे सीईटीच्या गुणांवर राज्यामार्फत जागा वाटणाऱ्या प्रक्रियेतूनच, घ्यावा. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठीय किंवा शासकीय व्यवस्थापन संस्थांपर्यंत तिचे गुण पोहोचले तर तिने तिकडे अवश्य जावे. पोहोचले नाहीत, तर पुण्यातल्या मध्यम दर्जाच्या संस्थेसाठी कर्ज न काढता संभाजीनगरातच शिकावे. तिथे विद्यापीठाचा विभाग घ्यायचा की खासगी संस्था, हे ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात : पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, आणि विद्यार्थी कारखान्यात किंवा बाजारपेठेत जाऊन खरोखर काय काम करतात. इमारत, वातानुकूलित सभागृह आणि जाहिरातीतले फोटो यांना या निर्णयात जागा देऊ नये.

प्रथम संस्थांचे प्रकार लक्षात घ्या, कारण घरी येणारा माणूस नेमके हेच सांगत नाही. पहिला प्रकार म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा स्वतःचा व्यवस्थापनशास्त्र विभाग. हे सार्वजनिक विद्यापीठ आहे आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालते. दुसरा प्रकार या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या खासगी संस्थांचा; इथे पदवी विद्यापीठाचीच मिळते, मात्र शिकवणे, शिक्षक आणि सोयी संस्थेच्या. तिसरा प्रकार स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांचा. ती स्वतंत्र कायद्याने स्थापन होतात आणि पदवी स्वतः देतात. चौथा प्रकार पीजीडीएम देणाऱ्या संस्थांचा, ज्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असते, पण ज्या पदवीऐवजी पदविका देतात. पुढे मुलीला नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) देऊन प्राध्यापक व्हायचे असेल किंवा सरकारी भरतीत उतरायचे असेल, तर त्या पदविकेला एमबीएशी समकक्षता मिळालेली आहे का, हे आधीच तपासावे लागते. चारही प्रकारांत चांगल्या आणि वाईट संस्था आहेत. परंतु शिष्यवृत्ती, शुल्क आणि तक्रार करण्याची जागा या तिन्ही बाबतींत त्यांच्यात मोठा फरक पडतो, तो पुढे येईलच.

विद्यापीठाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात त्याच्याविषयी एक तर अभिमानाने बोलले जाते किंवा ‘तिथे काही शिकवत नाहीत’ असे सरसकट म्हटले जाते, आणि दोन्हीत मुलांचे नुकसान होते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा इथल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला, मात्र नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला आणि मधल्या काळात अनेकांनी प्राण गमावले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूर आणि परभणी (आजच्या हिंगोलीसह) हे जिल्हे तिकडे गेले. संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव इकडे राहिले, म्हणजे आपले विद्यापीठ संभाजीनगरचे. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, ज्या घरातून आजवर कोणी पदवीपर्यंत गेले नाही त्या घरातल्या मुलांना शिकता यावे, यासाठी हे विद्यापीठ झाले आणि वसतिगृहे, ‘कमवा व शिका’ योजना, मोठे ग्रंथालय या सोयी त्याच हेतूने उभ्या राहिल्या. आपली मुलगी त्यांची हक्कदार आहे आणि तिने त्या हक्काने वापराव्यात.

सार्वजनिक विद्यापीठाचा विभाग म्हणजे दुय्यम, हा समजही काढून टाकावा. मुंबईची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ पासून मुंबई विद्यापीठाचाच भाग आहे आणि राज्यातला सर्वांत हुशार विद्यार्थी आजही सीईटीत तिचेच नाव पहिल्या पसंतीला लिहितो. पुण्याचा ‘पुम्बा’ हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग आहे. विभाग चांगला किंवा वाईट कशाने होतो, तर शिक्षकांनी आणि आसपासच्या उद्योगांनी.

त्यातले शिक्षकांचे दुखणे मी लपवणार नाही. राज्यभरातल्या सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षकांची पदे मोठ्या प्रमाणावर रिक्त आहेत, आणि बरेचसे शिकवणे तासिका तत्त्वावरच्या किंवा कंत्राटी शिक्षकांच्या खांद्यावर आहे. ही मंडळी अनेकदा मनापासून शिकवतात, परंतु ज्याला पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा दोन वर्षे पाठपुरावा करावा, कंपन्यांशी ओळखी वाढवाव्यात, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. निकाल लांबणे हेही आपल्या विद्यापीठांचे जुने दुखणे आहे. बी.कॉम.चा अंतिम निकाल आणि प्रवेशाची कागदपत्र तपासणी यांच्या तारखा जवळ आल्या, तर मुलांची रात्रीची झोप उडते, हे दर जून-जुलैत दिसते. आपल्या मुलीने शेवटच्या सत्राची गुणपत्रिका हातात येईपर्यंत महाविद्यालयाच्या कार्यालयाशी संपर्क ठेवावा.

खासगी संस्थांचे चित्र वेगळे आहे, पण प्रश्न तोच आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषानुसार एमबीएला २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. एका वर्गात ६० जागा असतील, तर दोन वर्षांचे मिळून १२० विद्यार्थी होतात आणि किमान ६ पूर्णवेळ शिक्षक असायला हवेत. मान्यताप्राप्त संस्थेला आपल्या शिक्षकांची यादी संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. ती यादी काढून घ्यावी आणि मुलीला घेऊन प्रत्यक्ष संस्थेत जावे, तेही सत्र चालू असताना आणि सकाळी अकराच्या सुमारास. कार्यालयात बसण्याआधी सूचना फलकावरचे वेळापत्रक पाहावे. प्रत्येक तासिकेपुढे शिक्षकाच्या नावाची आद्याक्षरे असतात. ती वेगवेगळी किती, हे मोजावे आणि यादीशी ताडून पाहावे. यादीत आठ नावे आणि वेळापत्रकात चारच आद्याक्षरे असतील, तर उरलेले चौघे केवळ कागदावर आहेत असे समजण्यास हरकत नाही. त्यानंतर वर्गावरून एक फेरी मारावी. हीच तपासणी विद्यापीठाच्या विभागातही करावी. तिथे ती करायला कोणी मनाई करत नाही, आणि खासगी संस्थेत कोणी मनाई केली तर मला तेवढ्यानेच शंका येईल.

आता पैशाचा विषय, कारण आपल्या निर्णयात तो सर्वांत जड आहे. खासगी विनाअनुदानित संस्थेत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेबाहेर संस्थेकडूनच, भरल्या जातात. घरी येऊन गेलेला माणूस ‘हमी’ देतो आहे ती बहुधा अशाच जागेची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आधी हा लाभ ५० टक्के होता. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्याच्या जागेला हा लाभ नाही, तसाच तो अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही नाही. म्हणजे त्या गृहस्थांच्या सांगण्यावरून मुलीने संस्था स्तरावर नाव घातले, तर जे शुल्क तिला कदाचित एक रुपयाही भरावे लागले नसते, ते दोन्ही वर्षे आपल्या खिशातून जाईल. केवळ या एका कारणासाठी मी आपल्याला त्याचा नाद सोडण्यास सांगेन.

आपण प्रवर्ग लिहिलेला नाही. अनुसूचित जाती-जमातींतील विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप या वेगळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, जो शेतकरी कुटुंबांतली अनेक मुले माहिती नसल्यामुळे घेत नाहीत. यांपैकी बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरायचे असतात आणि मुलीचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, ही कागदपत्रे एप्रिल-मेमध्येच काढून ठेवावीत. जुलैमध्ये सेतू केंद्रासमोर रांगा लागतात आणि एका दाखल्यासाठी हातची जागा गेलेली मुले दरवर्षी भेटतात. लाभास पात्र असलेल्या मुलीकडून कोणी आधी पूर्ण शुल्क भरून घेऊन ‘शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे म्हणत असेल, तर ते लेखी मागावे. मूळ कागदपत्रे कोणत्याही संस्थेला ठेवून घेता येत नाहीत. पडताळणी झाली की ती परत घ्यावीत.

दुसरी हमी नोकरीची. ‘आमच्याकडे ३ लाखांचे पॅकेज मिळते’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या आकड्याची फोड करून पाहावी. वार्षिक ३,००,००० रुपयांपैकी मूळ वेतन १,५०,००० धरले, तर त्यावर कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्क्यांनी १८,००० रुपये होतो आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी ७,२१५ रुपये. दोन्ही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. विक्रीचे उद्दिष्ट पूर्ण झाले तरच मिळणारी रक्कम ३०,००० धरू. उरले २,४४,७८५. त्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचे १८,००० निधीला जातात. महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, त्यामुळे मुलीची तेवढी कपात वाचते. हातात येतात महिन्याला सुमारे १८,९०० रुपये, आणि नेमणूक पुण्यात किंवा हैदराबादेत असेल तर खोलीभाडे व मेस त्यातूनच द्यावी लागते. ही नोकरी वाईट आहे असे मी म्हणत नाही, अनेकांची सुरुवात अशीच होते. परंतु तिच्यासाठी काही लाखांचे कर्ज काढणे योग्य आहे का, हे बापाने आणि लेकीने शेजारी बसून कागदावर मांडून पाहावे.

म्हणूनच संस्थेकडे मागील तीन वर्षांतल्या नेमणुकांची यादी मागताना सर्वांत मोठे पॅकेज विचारू नये. कोणत्या पदावर घेतले, निश्चित वेतन किती, आणि सहा महिन्यांनंतर किती जण त्याच नोकरीत टिकले, हे विचारावे. खासगी बँका, सूक्ष्म वित्त संस्था आणि विमा कंपन्या मोठ्या संख्येने मुले घेतात. त्यातल्या काही नोकऱ्या चांगल्या असतात, काहींत ओळखीच्या लोकांना पॉलिसी विकून झाल्या की काम संपते. कार्यालयातून मिळालेल्या उत्तराची खातरजमा संस्थेच्या कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुला-मुलींशी बोलून करावी.

नोकरी खरी मिळते ती प्रकल्पातून, आणि या मुद्द्यावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण संभाजीनगरात शिकण्याचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. पहिले वर्ष संपल्यावर विद्यार्थ्याने साधारण दोन महिने एखाद्या कंपनीत काम करून अहवाल द्यायचा असतो. बहुतेक ठिकाणी काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे : ‘ग्राहक समाधानाचा अभ्यास’ असा विषय घ्यायचा, वसतिगृहातल्या मित्रांकडून शंभर गुगल फॉर्म भरून घ्यायचे, वर्तुळाकार आलेख काढायचे, मागच्या वर्षीच्या अहवालातली प्रस्तावना उतरवायची आणि झेरॉक्सवाल्याकडून सोनेरी अक्षरांचे बाइंडिंग करून आणायचे. मुलाखतीत ‘तुम्ही नेमके काय केले?’ या पहिल्याच प्रश्नाला असा विद्यार्थी अडखळतो.

याउलट वाणिज्य शाखेतून आलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प मला आजही उदाहरण म्हणून द्यावासा वाटतो. ती वाळूजला दुचाकीचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसली. संगणकावरचा साठा आणि कप्प्याला लावलेल्या बिन कार्डावरचा साठा जुळत नव्हता, म्हणून तिने प्रत्येक वस्तू शेवटची कधी वापरली गेली याची तारीखवार यादी केली. बंद पडलेल्या मॉडेलचे नट-बोल्ट आणि ब्रॅकेट कप्प्यांत भरून पडले होते आणि त्यात मालकाचे खेळते भांडवल अडकले होते. कारण शोधताना तिच्या लक्षात आले की मोठ्या कंपनीचे उत्पादनाचे वेळापत्रक बदलले की फोन येतो तो माल पाठवणाऱ्या विभागाला. खरेदी करणाऱ्याला ते दोन आठवड्यांनी कळते आणि तोवर तो जुन्याच हिशोबाने माल मागवून बसलेला असतो. तिचा अहवाल जाडीने इतरांपेक्षा निम्मा होता. परंतु त्यातले एक कोष्टक मालकाने स्वतःकडे ठेवून घेतले, आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीत तिला बोलायला स्वतःचे असे काहीतरी होते.

अशी कामे करायला संभाजीनगरइतकी सोयीची जागा मराठवाड्यात दुसरी नाही. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहती शहराला लागून आहेत. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचे जाळे तयार झाले. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतले ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर शेंद्रा आणि बिडकीन इथे उभे राहत आहे, आणि टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये राज्य शासनाशी करार केला तो याच भागातल्या प्रकल्पासाठी. शिवाय आपल्या जालना जिल्ह्यात पोलादाच्या रोलिंग मिल आहेत, आणि १९६४ मध्ये ‘महिको’ सुरू झाल्यापासून वाढत गेलेला बियाणे उद्योग आहे. या लहान कारखानदारांना हिशोब, साठा आणि पुरवठा यांत मदत करणारी माणसे हवी असतात. ‘मसिआ’ आणि ‘सीएमआयए’ या इथल्या उद्योजक संघटना, त्यांच्या बैठकांना विद्यार्थ्यांनी यावे, याला उत्सुक असतात असा माझा अनुभव आहे. तरीही वर्गातली निम्म्याहून अधिक मुले मार्केटिंग किंवा मनुष्यबळ हा विषय निवडतात, कारण ऑपरेशन्स (उत्पादन व कामकाजाचे व्यवस्थापन) आणि पुरवठा साखळी हे विषय अभियंत्यांसाठीच आहेत असा समज आहे. बी.कॉम. झालेल्या मुलीने वित्त हा मुख्य विषय घेऊन त्याला ऑपरेशन्सची जोड द्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. आपल्या भागातल्या कारखान्यांत ही जोडी दुर्मीळ आहे.

पुण्याबद्दल आता थोडक्यात. पुण्यात कंपन्या जास्त आहेत, तिथल्या वर्गात वेगवेगळ्या राज्यांची मुले भेटतात आणि मुलगी धीट होते, हे सारे खरे आहे. केंद्र सरकारने महाराष्ट्राला दिलेली आयआयएम मराठवाड्यात व्हावी अशी आपली मागणी होती, ती २०१५ मध्ये नागपूरला सुरू झाली. त्यामुळे त्या तोडीची संस्था आपल्याकडे नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु पुण्यातल्या नावाजलेल्या संस्थेत शिकणे आणि पुण्यात शिकणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दहा-बारा खोल्यांच्या इमारतीत चालणाऱ्या, कोणाला फारशी माहीत नसलेल्या संस्थेची पदवी पुण्याच्या कंपनीतही कोणी विचारत नाही, आणि कर्जाचा हप्ता मात्र अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरात सुरू होतो. व्याज तर पहिल्या दिवसापासून चढत असते. संभाजीनगरहून अंबडला यायला एसटी आहे, महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि पेरणीच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत मुलगी दोन तासांत घरी पोहोचते. ही बाब लहान वाटेल, पण शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलींच्या अडचणी ऐकल्यावर मी ती लहान मानत नाही.

सीईटीच्या तयारीविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. आजवरच्या स्वरूपानुसार २०० प्रश्न असतात आणि वेळ १५० मिनिटांचा : तार्किक क्षमतेचे ७५, आकृत्यांवरचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के गुण लागतात. तार्किक भाग सर्वांत मोठा आहे आणि तो केवळ सरावाने सुधारतो. त्यासाठी महागड्या क्लासची गरज नाही, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. मराठी माध्यमातल्या मुलींना इंग्रजीची भीती वाटते, आणि ती परीक्षेपुरती नसते, पुढे दोन वर्षे सादरीकरण करताना तीच आड येते. तिने आतापासून रोज एका इंग्रजी वृत्तपत्राचे व्यापारविषयक पान मोठ्याने वाचावे आणि त्यातली एक बातमी घरात मराठीत समजावून सांगावी. आपल्याला ती समजली, तर तिलाही समजली असे धरावे.

पसंतीक्रम भरताना मुले एक चूक हमखास करतात. ‘मिळेल’ असे वाटणारी संस्था वर लिहितात आणि हवी असलेली खाली. प्रक्रियेत वरच्या पसंतीचा विचार आधी होतो आणि पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, म्हणून क्रम आपल्या इच्छेनुसार लावावा. माझ्या मते तिचा क्रम असा असावा : आधी मुंबई-पुण्याच्या विद्यापीठीय व शासकीय संस्था, मग आपला विद्यापीठ विभाग, मग संभाजीनगरातल्या, वर सांगितलेल्या तपासणीत उतरलेल्या संलग्न संस्था. एखाद्या खासगी संस्थेत शिक्षक अधिक आणि प्रकल्प खरे दिसले, तर तिला विभागाच्या वर लिहावे; शुल्क माफीमुळे आपल्याला दोन्हींत फारसा फरक पडणार नाही. आपली मुलगी या सवलतीत बसत नसेल, तर मात्र विभाग आधी.

धाकट्या मुलाविषयी. बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठीही सीईटी सुरू झाली. त्या वेळी काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो या कक्षेबाहेर ठेवला, त्यामुळे नाव बीबीएसारखे वाटत असले तरी त्याला परिषदेची मान्यता आहे का आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. पुढे एमबीएच करायचे असेल, तर बीबीए केलेच पाहिजे असे अजिबात नाही. जालन्यातच किंवा अंबडमध्ये चांगले वाणिज्य महाविद्यालय असेल, तर बी.कॉम. करून सोबत लेखा संगणकप्रणाली आणि जीएसटी विवरणपत्रे भरण्याचे काम एखाद्या कर सल्लागाराकडे बसून शिकणे, हा मार्ग मला अधिक भक्कम वाटतो. त्याने बीबीएचाच हट्ट धरला, तर त्याला बहिणीसोबत संस्था पाहायला न्यावे आणि वेळापत्रकावरची आद्याक्षरे त्यालाच मोजू द्यावीत.